सॉर्टने ट्रॅकिंग, आणि मग कोड खुला करताना

व्हिडिओतल्या माणसांचा किंवा वस्तूंचा फ्रेममागून फ्रेम माग काढायला (ट्रॅकिंग) २०१६ चा सॉर्ट हा प्रोग्राम सुरुवातीला अजूनही पुरतो. त्यातलं कालमन फिल्टर हे गणित वस्तूभोवतीची चौकट पुढे कुठे सरकेल याचा अंदाज बांधतं. हंगेरियन पद्धत अंदाज आणि नव्या चौकटींच्या जोड्या लावते.

चौकट डावी, वरची, उजवी, खालची कड आणि स्कोअर (ओळख किती खात्रीची ते) अशा पाच आकड्यांत द्या. डिटेक्टर (फ्रेममधल्या वस्तू शोधणारा प्रोग्राम) रुंदी-उंची देत असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर जोड्या जुळतच नाहीत. फ्रेममध्ये काही सापडलं नाही तरी सॉर्टचं अपडेट फंक्शन बोलवायचंच, ०×५ चा रिकामा अॅरे देऊन. हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

मॅक्स एज (न दिसणारी वस्तू किती फ्रेम लक्षात ठेवायची ते) मुळात १ असतं, म्हणजे खांबामागे दोन फ्रेम गेलेला माणूस नवा आयडी घेऊनच बाहेर येतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर २०-३० ठेवून बघा. फार वाढवलंत तर दुसऱ्यालाच जुना आयडी चिकटतो.

सॉर्टचा कोड जीपीएल-३ या मुक्त लायसन्सखाली आहे. त्यात भर घालून वाटलात तर तेच लायसन्स, एमआयटीसारखं सैल लायसन्स चालणार नाही. लायब्ररींच्या आवृत्त्या नेमक्या लिहा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीने जोड्या लावणारं जुनं लिनिअर असाइनमेंट फंक्शन काढलं, तेव्हा त्यावर बेतलेला ट्रॅकिंग कोड इम्पोर्टलाच आपटला. डिटेक्शनच्या फाइलीही सोबत ठेवा. त्यांच्याशिवाय तुमचे आकडे कुणाला पडताळता येणार?