गढूळ पाण्यातील भेटी: गोव्यात पाण्याखाली प्राणी कसे पाहावेत

गोव्यात स्कूबा डायव्हिंगसाठी येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंदमान किंवा लक्षद्वीपचे काचेसारखे पाणी असते, आणि ग्रँड बेटापाशी होडीतून उतरल्यावर सभोवती हिरवट धुके पाहून त्यांचा हिरमोड होतो. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांचा गाळ याच समुद्रात येतो, तेव्हा पाच-सहा मीटरपर्यंत स्पष्ट दिसले तरी तो दिवस चांगला समजावा. परंतु माकूल (कटलफिश), पाकट (स्टिंगरे), गोबरा (ग्रूपर), वाम, समुद्रसर्प हे सारे याच धुक्यात राहतात. दूरचे दिसत नसल्यामुळे येथे जवळचे नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती लागली की दहा मीटर लांबीच्या एका खडकावर अख्खी डुबकी खर्ची पडते आणि तरीही वेळ अपुरा वाटतो.

पहिला निर्णय दिवसाचा. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला असे आपण मानतो आणि मासेमारीवरील पावसाळी बंदी त्याच सुमारास संपलेली असते, मात्र पाणी निवळण्यास ऑक्टोबर उजाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यातही पंचांग पाहून तारीख ठरवावी: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि तळाचा गाळ ढवळला जातो, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असल्यामुळे पाणी तुलनेने स्वच्छ राहते. आमच्याकडचे रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रांपण हे मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, जे गणित जाळ्यासाठी करतात, तेच येथे उपयोगी पडते.

दुसरा निर्णय डुबकीच्या प्रकाराचा. प्रशिक्षण न घेता केल्या जाणाऱ्या चाचणी-डुबकीत प्रशिक्षक आपले सिलिंडर धरून असतो आणि खोलीची मर्यादा 12 मीटर असते. तो नेईल तेथे आपण जातो, त्यामुळे एखाद्या बिळासमोर थांबणे आपल्या हाती राहत नाही. प्राणी पाहणे हाच उद्देश असेल, तर तीन-चार दिवस खर्चून प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर 18 मीटरपर्यंत उतरता येते आणि मुख्य म्हणजे स्वतःचा तोल स्वतः सांभाळता येतो. दमा, हृदयविकार किंवा कानाची जुनी तक्रार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कारण बंद झालेल्या नाकाने कानांतील दाब समतोल करता येत नाही.

तोलाचा मुद्दा येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. तळापासून हातभर वर, आडवे आणि स्थिर राहता आले पाहिजे. श्वास आत घेतला की शरीर किंचित वर येते आणि सोडला की खाली जाते, एवढ्याच हालचालीवर उंची राखावी. श्वास मात्र कधीही रोखून धरू नये. पायांतील फिन्स वरखाली आपटल्यास गाळ उडतो आणि पुढच्या पाच मिनिटांत तुम्हाला काय, मागून येणाऱ्यांनाही काही दिसत नाही. त्याऐवजी गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारावेत. पाण्यात वस्तू प्रत्यक्षाहून साधारण एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठी दिसते, हेही ध्यानात ठेवावे, म्हणजे परतल्यावर माशाच्या आकाराबद्दल घरच्यांना सांगताना थोडी सूट देता येईल. पाच-सात मीटर खाली लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून लहान टॉर्च जवळ असावा. जो खडक करडा वाटत होता तो प्रकाश पडताच शेंदरी निघतो.

माझी स्वतःची सुरुवात चुकीनेच झाली. सुझीज रेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांपाशी एक माकूल दिसले आणि मी कॅमेरा पुढे करून त्याच्या मागे लागलो. ते क्षणात गडद झाले, मागे सरकले आणि शाईचा ढग सोडून निघून गेले. माझ्याकडे उरले ते एका काळ्या डागाचे छायाचित्र. पुढच्या वेळी मी लोखंडाच्या कडेला थांबून राहिलो. दुसरे एक माकूल तरंगत माझ्यापासून दोन हात अंतरावर आले, त्याच्या अंगावरून पट्टे लाटेसारखे सरकत होते, आणि त्याची इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची बाहुली माझ्याकडे रोखलेली होती. सुमारे चार मिनिटे आम्ही एकमेकांना न्याहाळत होतो. तो प्रसंग घडल्यापासून ताटातल्या माकुलाकडे मी पूर्वीसारखा पाहू शकलेलो नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

प्राणी शोधण्यापेक्षा त्याच्या खुणा शोधाव्यात. खडकाच्या फटीबाहेर शिंपल्यांचे आणि खेकड्यांच्या कवचांचे ताजे तुकडे पडलेले दिसले, तर आत ऑक्टोपस असण्याची शक्यता मोठी असते, कारण तो खाल्ल्यानंतरचा कचरा दाराबाहेर टाकतो. अशा ठिकाणी दीड-दोन मीटर अंतर राखून, फटीच्या समोर न येता थोडे बाजूला थांबावे. प्रथम एक डोळा वर येतो. वाळूवर पाकट ओळखायचे ते दोन उंचवट्यांवरून आणि त्यांच्यामागील उघडझाप करणाऱ्या छिद्रांवरून, बाकीचे अंग वाळूखाली असते. त्याच्या वरून पोहू नये, शेपटीकडून जवळ जाऊ नये. एखादा गोबरा तोंड उघडून निश्चल दिसला, तर जवळपास सफाई करणारे लहान निळे पट्टेरी मासे आहेत का ते पाहावे. मोठे मासे अशा ठरलेल्या जागी अंगावरील परजीवी काढून घेण्यासाठी येतात, आणि आपण मध्ये न घुसल्यास तो सोहळा बराच वेळ चालतो.

वाम जातीचा मोरे ईल सतत जबडा उघडतो ते धमकावण्यासाठी नव्हे, तर कल्ल्यांवरून पाणी फिरवण्यासाठी, म्हणजेच श्वासासाठी. मात्र त्याच्या बिळात बोट घालणाऱ्यास हा खुलासा उपयोगी पडणार नाही. समुद्रसर्प दिसल्यास घाबरून हातपाय झाडू नयेत. तो अत्यंत विषारी असला तरी श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर जावे लागते, आणि बहुधा तो त्याच वाटेवर असतो. त्याची वाट मोकळी ठेवावी. खरा धोका न दिसणाऱ्यांकडून असतो. स्कॉर्पियनफिश शेवाळलेल्या दगडासारखा पडून राहतो आणि आधारासाठी टेकलेल्या हाताला त्याचे विषारी काटे लागतात, म्हणून कोठेही हात टेकू नये. काटा लागल्यास डुबकी संपवून वर यावे, तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

काही होड्यांवर मासे जमवण्यासाठी बिस्किटे किंवा पाव टाकण्याची पद्धत आहे. पर्यटकांची छायाचित्रे छान येतात, पण खाऊसाठी गर्दी करणारे तेच ते धीट मासे पाहून परतावे लागते, आणि लाजाळू प्राणी त्या गलबल्यापासून दूर राहतात. होडीत बसण्यापूर्वीच याबद्दल विचारावे आणि नको म्हणून सांगावे. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि समुद्री कासवे यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे तळावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नये.

सोबत्याशी खुणा आधी ठरवून घ्याव्यात. अंगठा वर करणे याचा पाण्याखाली अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा आहे, आणि सुंदर पाकट दाखवल्यावर उत्साहाने अंगठा दाखवून आपली डुबकी स्वतःच संपवणारे नवखे मी पाहिले आहेत. सिलिंडरवर ठोकून लक्ष वेधता येते, परंतु पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने पोहोचत असल्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. म्हणून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर राहावे. एकाहून अधिक डुबक्या झाल्या असतील, तर दाबोळी किंवा मोपा येथून विमान पकडण्यापूर्वी किमान 18 तास जाऊ द्यावेत.

त्या वेळेत वही काढून टिपण करावे: तिथी, खोली, पाणी कितपत निवळलेले होते, काय दिसले आणि ते नेमके काय करत होते. नाव माहीत नसल्यास होडीवाल्याला आकार व पट्टे सांगून विचारावे, कारण पुस्तकात बॅराकुडा म्हणून शोधावा लागणारा मासा त्याच्या लेखी साधी तोंकी असतो. ऑक्टोपसच्या बिळाची जागाही लिहून ठेवावी, पण फार काळ तिच्यावर विसंबू नये. काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो बिऱ्हाड बदलतो, आणि मग पुन्हा शिंपल्यांच्या तुकड्यांपासून सुरुवात करावी लागते.