ठाण्यात सोसायटीचा पुनर्विकास करताय? एफएसआयच्या आधी रस्ता मोजा, आणि या चुका टाळा

नौपाडा, पाचपाखाडी, चरई किंवा जांभळी नाक्याच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपल्याला एफएसआय किती?" म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल? लगेच दुसरा येतो, "मग कार्पेट किती टक्के वाढवून मिळणार?" समोरचा रस्ता किती रुंद आहे हे कुणी विचारत नाही, आणि प्रस्ताव शहर विकास विभागात गेल्यावर गाडी नेमकी तिथेच अडते.

मुंबईचे आकडे ठाण्यात आणणे

"मुलुंडच्या मेव्हण्याला पस्तीस टक्के फंजिबल मिळाला, मग आपल्याला का नाही?" हा सवाल हमखास येतो. उत्तर सोपे आहे. चेकनाका ओलांडला की नियमावली बदलते. मुंबईत डीसीपीआर २०३४ चालते, तर ठाण्याला आणि नवी मुंबईला २ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने आलेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. इथे फंजिबल, म्हणजे मुंबईतला तो जादा एफएसआय, नाही; त्याऐवजी अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय आहे. निवासी बांधकामाला तो ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी बांधकामाला ८० टक्क्यांपर्यंत, अर्थात प्रीमियम, म्हणजे ठरलेले शुल्क भरून.

दर वेळी मुंबईचेच पारडे जड असते असेही नाही. मुंबईच्या नियमावलीतल्या नियम ३३(७)(ब) मध्ये जुन्या सोसायटीला मिळणारा प्रोत्साहनपर एफएसआय सदनिकेमागे १० चौरस मीटर किंवा विद्यमान बांधकामाच्या १५ टक्के असतो. आपल्याकडच्या यूडीसीपीआरमधल्या नियम ७.६.१ मध्ये तोच सदनिकेमागे १५ चौरस मीटर किंवा विद्यमान अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के, यांपैकी जास्त असेल तो. समजा २४ सदनिका आहेत आणि अधिकृत बांधकाम १,००० चौरस मीटर. तीस टक्क्यांनी ३०० येतात, सदनिकांच्या हिशेबाने ३६०. मग ३६० धरायचे. यातला 'अधिकृत' हा शब्द मात्र नीट वाचा. नंतर चढवलेला मजला, गच्चीवरची खोली, पार्किंगमध्ये काढलेला गाळा यांचा इथे उपयोग नाही. जुना मंजूर नकाशा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) कपाटात आहे का ते आधी पाहा. नसेल तर मनपाच्या अभिलेखातून प्रत काढायला अर्ज करा, गरज पडल्यास माहिती अधिकारात. हे काम बिल्डर नेमल्यावर नाही, त्याच्या आधी करायचे.

नवी मुंबईतल्या नातेवाइकांचा दाखलाही जपून घ्या. वाशी-नेरूळमध्ये जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे. तिथे सिडकोची ना-हरकत हा वेगळाच अध्याय आहे.

रस्त्याची रुंदी नजरेने ठरवणे

दाटवस्तीबाहेरच्या भूखंडाला किती एफएसआय मिळणार, हे यूडीसीपीआरचा तक्ता रस्त्याच्या रुंदीवर ठरवतो. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१० आणि विषय संपला. प्रीमियम एफएसआय नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. नऊ मीटर भरला की मूळ १.१०, प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४० मिळून २.०० होतो. १२ मीटरला २.२५, १५ मीटरला २.५०, २४ मीटरला २.७५ आणि ३० मीटरला ३.०० अशी चढण आहे.

आता हजार चौरस मीटरचा भूखंड घ्या. नऊ मीटर रस्त्यावर २,००० चौरस मीटर आणि त्यावर ६० टक्के अ‍ॅन्सिलरी धरून ३,२०० होतात. तोच रस्ता ८.७० मीटर निघाला तर १,१०० आणि अ‍ॅन्सिलरी धरून १,७६०. फूटभर रस्त्यापायी जवळजवळ अर्धी इमारत गेली. आणि हो, नऊ मीटरवर मिळणाऱ्या दोनमधला फुकटचा फक्त १.१०. प्रीमियम मनपाला मोजायचा, टीडीआर बाजारातून घ्यायचा. बिल्डरच्या तक्त्यात हा खर्च कुठे दाखवलाय ते शोधा.

"आपला रस्ता नऊ मीटरचाच आहे, दोन गाड्या आरामात जातात" हा पुरावा होत नाही. टेप घेऊन सकाळी लवकर, गाड्या हलल्यावर, रस्ता जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत मोजा. पुढे मागे सरकलेल्या भिंती, ओटे, गटारावरच्या पायऱ्या लिहून ठेवा. हे झाले तुमच्या माहितीसाठी. कागदावर चालते ती विकास आराखड्यातली किंवा मनपाने आखलेली रुंदी. त्यासाठी मनपाकडून झोन दाखला (भूखंड आराखड्यात कशासाठी दाखवलाय ते सांगणारा) आणि आराखड्याचा भाग नकाशा काढा. भूखंड दाटवस्तीत येतो की बाहेर, तेही तिथेच कळेल. दाटवस्तीचा तक्ता वेगळा आहे.

रस्ता कमी भरला तरी हात टेकू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली मनपा रस्त्याची नियत रेषा, म्हणजे त्याची अधिकृत हद्द, ठरवू शकते. ती नऊ मीटरची ठरली आणि सोसायटीने आपल्या बाजूचा पट्टा सोडला, तर नऊ मीटरचे गणित मांडता येते. सोडलेल्या जागेचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. एकट्या सोसायटीने अर्ज रेटण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून मागणी केली तर वजन पडते. माझ्या मते जुन्या ठाण्यात कमिटीने सगळ्यात आधी करायचे काम हेच. बिल्डरांची सादरीकरणे नंतरही पाहता येतील.

मंजूर एफएसआय भूखंडावर मावेल असे समजणे

बाजूचे आणि मागचे सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, मार्जिन) ढोबळमानाने इमारतीच्या उंचीच्या एक पंचमांश सोडावे लागते. वरच्याच भूखंडाची रुंदी १८ मीटर आणि खोली साधारण ५५ मीटर आहे असे धरा. इमारत ३० मीटर उंच केली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर गेले, मधे उरले सहा. त्यात एक खोली आणि पॅसेज बसेल, फ्लॅट नाही. उंची वाढवली तर आणखी बारीक. आयुक्तांकडे हार्डशिपच्या, म्हणजे अडचणीपोटी द्यायच्या सवलतीचे अधिकार आहेत, पण अग्निशमन बंब फिरायला लागणाऱ्या सहा मीटर मोकळ्या मार्गावर पाणी सोडता येत नाही. त्यातच स्टॅक पार्किंग, रॅम्प आणि टाक्या बसवायच्या. म्हणून फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये (पुनर्विकास परवडतो का ते सांगणाऱ्या अहवालात) नुसता तक्ता आला तर परत करा. प्लॉटवर इमारतीचा ठसा, मार्जिन आणि पार्किंग आखलेला नकाशा मागा. अरुंद भूखंडाला शेजारची सोसायटी सोबत घेणे हा बऱ्याचदा एकमेव व्यवहार्य मार्ग असतो, भले जुनी भांडणे असोत.

"क्लस्टरमध्ये चार मिळतो"

मिळतो, पण तुमच्या एकट्या सोसायटीला नाही. क्लस्टर, म्हणजे नागरी पुनरुत्थान योजनेतला चार एफएसआय सलग मोठ्या क्षेत्रासाठी आहे. ठाण्यात किमान १०,००० चौरस मीटरची अट आहे. किसन नगरच्या क्लस्टरचे काम सिडकोकडे दिले आहे. तुमची इमारत एखाद्या आराखड्याच्या हद्दीत येते का, हे मात्र स्वतंत्र प्रस्ताव करण्याआधी लेखी विचारून घ्या.

राहिलेल्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

मिळकत पत्रिका, खरेदीखत आणि प्रत्यक्ष मोजणीतले क्षेत्र वेगवेगळे निघाले तर हिशेब सर्वांत कमी आकड्यावर होतो. सरकारी मोजणी आधी करा. कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाले नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज आजच. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेची ना-हरकत लागेल, खाडीजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमनाचे निर्बंध तपासा.

आणि प्रारूप आराखडा. ठाण्याचा सुधारित विकास आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. "अजून मंजूर कुठे झालाय" म्हणून तो बाजूला ठेवू नका. एमआरटीपी (प्रादेशिक व नगर रचना) कायद्याच्या कलम ४६ नुसार परवानगी देताना प्रारूप आराखडाही विचारात घ्यावा लागतो. जुन्या आराखड्यावर निवासी दिसणाऱ्या भूखंडावरून नव्यात रस्तारुंदीची रेषा गेलेली असू शकते. झोन दाखला मागताना अर्जात दोन्ही आराखड्यांचा उल्लेख करा, आणि दाखल्यावरची तारीख बघून घ्या. चार वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर बेतलेला फिजिबिलिटी रिपोर्ट मीटिंगपुढे ठेवण्यात अर्थ नाही.