घोरण्यावरचं जबड्याचं उपकरण करून घेण्याआधी

आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, मग डेंटिस्ट. हा क्रम उलटा करू नका, कारण घोरण्याच्या आवाजावरून स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा आजार, किती आहे ते कुणालाच सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये एएचआय पाहा, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र असेल तर पहिला विचार सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा. मशीन खरोखरच सहन होत नसेल तर झोपेच्या डॉक्टरांशी बोलून मग हे खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण. सेंट्रल अ‍ॅप्निया असेल, म्हणजे श्वास घेण्याचा इशाराच मेंदूकडून येत नसेल, तर जबडा पुढे ओढून उपयोग नाही. रिपोर्ट जपून ठेवा. उपकरण बसल्यावर ते तोंडात घालून दुसरी स्लीप स्टडी करायची आहे. बाबांच्या वेळी आमची नेमकी तीच राहिली. तिचे पैसे आत्ताच बाजूला काढा.

मग दात. किडलेली दाढ, अर्धवट रूट कॅनाल, बसवायची राहिलेली कॅप, सगळं माप देण्याआधी उरका. नंतर कॅप बसली की दाताचा आकार बदलतो आणि नवं कोरं उपकरण बसेनासं होतं. दात हलत असतील, कानापुढचा सांधा दुखत असेल, रात्री दात खात असाल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. पूर्ण कवळी असेल तर हा प्रकार बहुधा जमत नाही. जीभ पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण असतं, त्याबद्दल विचारा.

गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार उपकरण ऑनलाइन मिळतं. अ‍ॅप्निया असेल तर त्यावर विसंबू नका. आपल्या दातांच्या मापाचं, पुढेमागे करता येणारं हवं. खालचा जबडा पुढे राहिला की जिभेचं मूळही पुढे येतं आणि घशातली वाट मोकळी राहते, एवढंच त्याचं काम. पण जबडा पहिल्याच दिवशी पूर्ण पुढे न्यायचा नसतो. साधारण निम्म्यापासून किंवा थोडं पुढून सुरुवात, मग काही आठवडे थोडं थोडं पुढे. स्क्रू कधी किती फिरवला ते वहीत तारखेसह लिहा. घाई केली तर सांधा धरतो.

आता नीट वाचा. घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया थांबला असं नाही. आवाज गेला की घर शांत झोपतं, बायको म्हणते छान झालं, आणि आत श्वास अडतच राहू शकतो, ऑक्सिजन खाली जातच राहतो. घरच्यांचं सांगणं पुरत नाही. मनगटावरचं घड्याळ पुरत नाही. सकाळी ताजंतवानं वाटतं, तेही पुरत नाही. उपकरण तोंडात घालून दुसरी स्लीप स्टडी करा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या संस्थांनी 2015 साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ही फेरतपासणी आहे. डेंटिस्ट म्हणाले “बरं चाललंय ना, मग राहू दे”, तरी करा. आकडा खाली आला नसेल तर जबडा आणखी पुढे घेता येतो किंवा सीपॅपकडे वळता येतं, पण आधी आकडा कळायला हवा.

सुरुवातीला लाळ फार येते, कुणाचं तोंड कोरडं पडतं. बहुतेकांचं कमी होतं. सकाळी दात जुळत नाहीत, त्यासाठी डेंटिस्ट व्यायाम देतात, ते रोज करा. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात खरंच सरकतात, म्हणून तपासणी चुकवू नका. धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाण्यानं वाकतं. प्रवासात हातातल्या बॅगेत. झोपण्याआधी दारू नको. वजन बरंच वाढलं तर पुन्हा स्लीप स्टडी. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा, उपकरण सोबत न्या.