ॲडमिन अकाउंट रोजच्या कामातून बाजूला कसं काढायचं

नवा विंडोज संगणक सुरू करताना जे पहिलं अकाउंट तयार होतं, ते ॲडमिनचं, म्हणजे संगणकात काहीही बदलायचे पूर्ण अधिकार असलेलं, असतं. बहुतेक जण पुढे मेल, ब्राउझर, हिशेब, सगळं त्यातच करत राहतात. २००७ साली आलेल्या विस्टापासून विंडोज ॲडमिनलाही आधी साध्या अधिकारांवरच ठेवतं आणि गरज पडली की पडदा अंधारून ‘यस’ की ‘नो’ विचारतं. पण हात सवयीने ‘यस’वरच जातो. शिवाय ॲडमिन अकाउंटमध्ये हा प्रश्न न विचारताच पूर्ण अधिकार मिळवायच्या पळवाटा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांना ठाऊक आहेत. स्टँडर्ड, म्हणजे साध्या अधिकारांच्या, अकाउंटमध्ये त्याच जागी ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

हा बदल करताना सहसा एक चूक होते. लोक नवं स्टँडर्ड अकाउंट उघडून त्यात राहायला जातात आणि फाइल्स, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड जुन्या अकाउंटमध्येच अडकतात. त्यापेक्षा ॲडमिन नवा करा आणि स्वतःचं जुनं अकाउंट खाली उतरवा.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स असं जाऊन ‘ॲड अकाउंट’ दाबा. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागितला तर ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फॉर्मेशन’ निवडा आणि पुढे ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. नाव काहीही द्या, पासवर्ड मात्र रिकामा ठेवू नका. तयार झालेलं अकाउंट स्टँडर्ड असतं. ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा.

आता साइन आउट करून नव्या ॲडमिनमध्ये एकदा खरोखर शिरून पाहा. पासवर्ड चालतोय याची खात्री झाली की तिथूनच जुन्या अकाउंटचा प्रकार ‘स्टँडर्ड युजर’ करा. ही पायरी घाईत उरकू नका: एकमेव ॲडमिनचा पासवर्ड आठवत नसेल तर पुढे साधा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकणंही अडतं. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवला तरी चालेल, संगणकाला चिकटवू नका.

यानंतर ॲडमिनमध्ये लॉगिन करायची वेळ क्वचितच येते. वाय-फाय, छपाई, टाइम झोन बदलणं हे सगळं स्टँडर्डमधूनच होतं. घड्याळाची वेळ बदलायला मात्र पासवर्ड लागतो. पासवर्डची चौकट आली की आधी प्रोग्रामचं आणि प्रकाशकाचं नाव वाचा. प्रकाशक अज्ञात असेल किंवा आपण काहीच सुरू केलेलं नसताना चौकट उगवली असेल, तर ‘नो’.

पासवर्ड देऊन टाकलेलं सॉफ्टवेअर कधीकधी आपल्या स्टार्ट मेन्यूत दिसतच नाही. इन्स्टॉलर ॲडमिनच्या नावाने चालला आणि त्याने फक्त ‘सध्याच्या वापरकर्त्या’साठी, म्हणजे ॲडमिनसाठी, बसवलं, असं झालेलं असतं. इन्स्टॉल करताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय असेल तर तो निवडा.

खरा वैताग जुन्या सॉफ्टवेअरचा. ते आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहायला जातं, आणि तिथे स्टँडर्ड युजरला परवानगी नसते. काही जुन्या ३२-बिट प्रोग्रामच्या बाबतीत विंडोज गुपचूप ती फाइल त्या युजरच्या ‘ॲपडेटा’तल्या ‘लोकल’मध्ये, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवतं. मग तोच प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडला की कालच्या नोंदी गायब! त्या गेलेल्या नसतात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडून असतात. अशा एका प्रोग्रामपायी पुन्हा ॲडमिनकडे वळू नका. त्याच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, एडिट, मग ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ द्या. फक्त त्याच फोल्डरला, अख्ख्या ‘प्रोग्राम फाइल्स’ला नाही. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइल्स आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

मॅकवर क्रम हाच: सिस्टिम सेटिंग्ज, युजर्स अँड ग्रुप्समध्ये नवा ॲडमिन करा, मग त्यातून जुन्या अकाउंटचं ‘अलाऊ धिस युजर टू ॲडमिनिस्टर धिस कॉम्प्युटर’ बंद करून रीस्टार्ट करा.

स्टँडर्ड अकाउंटमुळे सिस्टिम आणि इतरांची अकाउंट्स वाचतात. तुमच्या स्वतःच्या फाइल्स नाही. ज्या फाइल तुम्ही बदलू शकता, त्या तुमच्या नावाने चाललेलं रॅन्समवेअरही (खंडणीसाठी फाइल्स अडकवणारं मालवेअर) कुलूपबंद करू शकतं, त्याला पासवर्ड लागत नाही. त्यासाठी बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि काम झालं की ती ड्राइव्ह काढून ठेवा.