रेसिंग गेममधली गाडी ट्यून कशी करावी: आधी वळण, मग वेग

रेसिंग गेममध्ये हातात क्रेडिट्स आले की बहुतेकांचा पहिला खर्च ठरलेला असतो: मोठं इंजिन आणि त्यावर टर्बो. मग गाडी सरळ रस्त्यावर सुसाट निघते आणि पहिल्याच वळणावर कठड्याला जाऊन चिकटते. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! नागपूरच्या कुठल्याही गेमिंग कॅफेत संध्याकाळी डोकावून पाहा, खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं असलेलं कुणीतरी सांगतच असतं, "पॉवर टाक ना भाऊ अजून." लॅपचा वेळ मात्र वळणांवर जातो, आणि तिथे पॉवर काही कामाची नसते.

फोर्झा होरायझन ५, ग्रान टुरिस्मो ७, असेटो कोर्सा अशा गेममध्ये सस्पेन्शनपासून गिअरपर्यंत बरंच काही आकड्यांनी बदलता येतं. खालच्या पायऱ्या अशा गेमसाठी आहेत. मोबाइलवरच्या ज्या गेममध्ये फक्त पार्ट अपग्रेड होतात, तिथे यातलं फारसं लागू पडणार नाही.

१. ट्यूनिंगच्या मेनूत जाण्याआधी गाडी चालवा

एक ठरावीक मार्ग निवडा. त्यात जोरात ब्रेक लावायची एक जागा, एक हळू वळण, एक वेगाचं वळण आणि एक लांब सरळ पट्टा हवा. हवामान कोरडं ठेवा आणि शक्यतो दिवसाची वेळही तीच ठेवा. आता काहीही न बदलता लॅप मारत राहा. तुमचे लॅप टाइम एकमेकांपासून अर्ध्याएक सेकंदाच्या आत येईपर्यंत सेटिंगला हात लावू नका. तुमचेच लॅप दोन-दोन सेकंदांनी मागेपुढे होत असतील, तर सुधारणा ट्यूनमुळे झाली की तुमच्या हातामुळे, हे कधीच कळणार नाही.

लॅपटॉपवर खेळत असाल तर नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक भानगड असते. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, फ्रेम पडतात आणि स्टीअरिंग जड झाल्यासारखं वाटतं. दोष गाडीचा नसतो. चाचणी सकाळी किंवा कूलरच्या खोलीत घ्या, किंवा ग्राफिक्स एक पायरी खाली आणा.

२. पार्ट घेताना क्रम पाळा

फोर्झा होरायझन ५ मध्ये प्रत्येक गाडीला परफॉर्मन्स इंडेक्सचा आकडा असतो. ए क्लास म्हणजे ७०१ ते ८००, एस-वन म्हणजे ८०१ ते ९००. ही मर्यादा म्हणजे तुमचं बजेट. ते आधी टायरवर, मग वजन कमी करण्यावर खर्च करा. उरलेलं इंजिनला. ग्रान टुरिस्मोमध्ये हाच हिशोब पीपी (परफॉर्मन्स पॉइंट्स) नावाच्या आकड्याने होतो आणि टायरचे कम्फर्ट, स्पोर्ट्स, रेसिंग असे प्रकार असतात. कम्फर्टवरून स्पोर्ट्सवर गेलात की वळणातला फरक पहिल्याच लॅपला कळतो.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मेनूतले बरेचसे स्लायडर सुरुवातीला बंद असतात. स्प्रिंग बदलायच्या तर बदलता येणारं सस्पेन्शन आधी बसवावं लागतं. अँटी-रोल बार, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), गिअरबॉक्स यांचंही तसंच. फोर्झात मूळ गाडीवर टायरमधली हवा तेवढी हाताशी असते.

कुठल्याही गाडीला फोर व्हील ड्राइव्ह करून टाकायची फॅशन आहे. मातीच्या शर्यतीला ठीक आहे. डांबरी रस्त्यावर मात्र तिने गाडीचं वजन वाढतं, इंडेक्स खर्ची पडतो आणि गाडीचा स्वभावच जातो. मला तरी ती फॅशन पटत नाही.

३. टायरची हवा

टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि दाब वाढतो. म्हणून तर खऱ्या गाडीची हवा टायर गार असताना मोजायची असते. गेममध्ये उलट नजर ठेवा: दोन-तीन लॅप मारून टायर तापू द्या, मग टेलिमेट्री (धावत्या गाडीचे आकडे दाखवणारा पडदा) उघडून दाब बघा. फोर्झात साधारण २८ ते ३२ पीएसआयच्या आसपास सुरुवात करून पुढे-मागे सरकता येतं. हवा कमी केली की टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो, पण गाडीचा प्रतिसाद मंदावतो. हवा जास्त झाली तर गाडी चटकन वळते पण लवकर घसरते.

४. स्प्रिंग: इथे थोडं गणित

गाडीच्या माहितीत वजनाची विभागणी दिलेली असते. समजा पुढे ६० टक्के आणि मागे ४० टक्के वजन आहे, आणि स्प्रिंगचा स्लायडर २०० पासून १००० पर्यंत जातो. दोन टोकांमधला फरक ८००. त्याचे ६० टक्के ४८०, त्यात खालचे २०० मिळवले की पुढच्या स्प्रिंगचा आकडा ६८०. मागे ८०० चे ४० टक्के ३२०, अधिक २००, म्हणजे ५२०. एकक कुठलंही असो, पद्धत हीच. हे अंतिम उत्तर नव्हे, पण यापेक्षा बरी सुरुवात क्वचितच मिळते.

उंची खाली घ्या, पण उंचवट्यावर गाडीचं पोट घासायला लागलं की पुन्हा दोन पायऱ्या वर आणा. डॅम्पर म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरणारा भाग. त्यात रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध आणि बम्प म्हणजे दबताना होणारा. बम्पचा आकडा रिबाउंडच्या निम्म्यापासून पाऊणपटीपर्यंत ठेवला की गाडी उड्या मारत नाही.

५. वळणाचे तीन भाग करा

खरं ट्यूनिंग इथे आहे, म्हणून इथे घाई नको. माझ्या मावसभावाची नेहमीची तक्रार एकच, "दादा, गाडी वळूनच नाही राहिली." माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: केव्हा? ब्रेक दाबलेला असताना, वळणाच्या मधोमध, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर? तिन्हीचा इलाज वेगळा आहे. हे न बघता स्लायडर हलवले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

आधी भार कसा सरकतो ते लक्षात घ्या. व्हरायटी चौकात आपली बस कचकन थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. ॲक्सिलरेटर दाबला की मागे जातो, वळताना बाहेरच्या चाकांवर. भार येतो त्या चाकाची पकड वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. सस्पेन्शनचे बहुतेक स्लायडर भाराची ही ये-जा किती आणि किती लवकर व्हावी हे ठरवतात.

वळणात शिरताना, ब्रेक दाबलेला असताना: गाडीचं नाक सरळच जात असेल तर ब्रेकचा तोल थोडा मागे घ्या आणि डिफरन्शियलचा डिसेलरेशनचा टक्का (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दोन्ही चाकं किती घट्ट जोडलेली राहतात तो) कमी करा. उलट ब्रेक लावताच मागची बाजू फिरत असेल तर तोल पुढे द्या आणि तो टक्का वाढवा. ब्रेकचा स्लायडर कुठल्या टोकाला काय करतो, हे प्रत्येक गेममध्ये त्याखालची ओळ वाचून खात्री करून घ्या.

वळणाच्या मधोमध, पाय कशावरच जोरात नसताना: इथे अँटी-रोल बारचं राज्य. डावी-उजवी चाकं जोडणारा हा दांडा गाडी एका बाजूला झुकू देत नाही. पुढचा बार मऊ केला की पुढची पकड वाढते आणि नाक वळतं. मागचा कडक केला तरी गाडी वळायला लागते, पण मागची पकड घटवून. म्हणून नाक वळत नसेल तर आधी पुढचा मऊ करा, मागच्याला नंतर हात लावा. मधोमध मागची बाजू सुटत असेल तर उलटं: मागचा मऊ करा. फोर्झात हा आकडा १ ते ६५ असतो. एका वेळी तीन-चारने बदला. एकने बदललात तर जाणवणार नाही, पंधराने बदललात तर भलताच प्रश्न उभा राहील.

बाहेर पडताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावर: आता डिफरन्शियलचा ॲक्सिलरेशनचा टक्का बघा. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत हा टक्का जास्त असला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. जोर मिळतो, पण सुटली की दोन्ही सुटतात आणि गाडी गरगरते. फार कमी असला तर आतलं चाक एकटंच फिरत बसतं आणि गाडी पुढेच जात नाही. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत टक्का जास्त झाला की गाडी वळणाच्या बाहेर ओढली जाते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये मधला तोल साठ-सत्तर टक्के मागे दिलात की नाक बऱ्यापैकी मोकळं होतं.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, त्याच मार्गावर दोन-तीन लॅप मारा, आकडा वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तीन स्लायडर एकदम हलवले तर फायदा कशाने झाला हे सांगता येत नाही.

६. कॅम्बर आणि टो

कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं. पुढे उणे १ ते उणे १.५ अंश, मागे त्याहून थोडा कमी, इथून सुरुवात करा. टेलिमेट्रीत टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान दिसतं. वळणात बाहेरच्या चाकाची बाहेरची कड जास्त तापत असेल तर कॅम्बर वाढवा. आतली कड फारच तापत असेल तर कमी करा. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. तो शून्यावर असू द्या. बाहेर पडताना पाठ सुटणं बाकी कशानेच थांबलं नाही, तरच मागे किंचित टो-इन (टोकं आत) द्या.

७. गिअर

फायनल ड्राइव्ह म्हणजे सगळ्या गिअरांना एकदम लागू होणारं प्रमाण. त्याचा आकडा वाढवला की गाडी लवकर वेग घेते आणि टॉप स्पीड घटतो. कमी केला की उलट. कुठला बरा, याचं उत्तर ट्रॅकवर असतं. शर्यतीतल्या सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला, ब्रेक लावायच्या जेमतेम आधी, शेवटच्या गिअरमध्ये सुई लाल पट्ट्याजवळ पोहोचली पाहिजे. आधीच लिमिटरला (इंजिनच्या फेऱ्यांच्या मर्यादेला) आपटत असेल तर आकडा कमी करा, शेवटचा गिअर लागतच नसेल तर वाढवा. ग्रान टुरिस्मो आणि असेटो कोर्सा दोन्हींत जर्मनीचा नॉर्डश्लाइफ ट्रॅक आहे. जवळपास २१ किलोमीटरच्या त्या लॅपच्या शेवटी येणारा लांबलचक सरळ पट्टा या चाचणीला उत्तम. समृद्धीवर गाडी चालवलेल्या नागपूरकराला तो तोकडाच वाटेल, ते सोडा.

८. विंग आणि हवेचा दाब

विंग म्हणजे गाडीवरचा पंख, हवा त्याच्यावरून जाताना गाडीला खाली दाबते. हवेने मिळणारी ही पकड वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते: वेग दुप्पट, तर दाब चौपट. हवेचा अडथळाही तसाच वाढतो. म्हणून हळू वळणातली तक्रार विंगने सुटत नाही, आणि फक्त वेगाच्या वळणात मागची बाजू सुटत असेल तर अँटी-रोल बारशी झटापट करण्यात अर्थ नाही. मागची विंग दोन पायऱ्या वाढवा. सरळ पट्ट्यावर किती वेग गेला ते पाहा आणि मगच ठरवा.

९. तुम्ही कशाने खेळता?

कीबोर्डवर स्टीअरिंगचं बटण एक तर दाबलेलं असतं किंवा सुटलेलं. अर्धं वळवणं नाही. गेम ते सौम्य करून देतो, तरी हाताळणी झटक्याझटक्याचीच राहते. कीबोर्डवाल्यांनी मागचा बार मऊ आणि डिसेलरेशनचा टक्का थोडा जास्त ठेवावा. गाडी किंचित आळशी होईल, पण हाती राहील. कंट्रोलरवर यातलं बरंच सैल करता येतं. फोर्झात दुसऱ्यांचे ट्यून नऊ आकडी शेअर कोडने उतरवता येतात. ते वापरायला हरकत नाही, फक्त ते बनवणारा कदाचित स्टीअरिंग व्हीलवर खेळत होता, हे ध्यानात असू द्या.

तयार ट्यूनला नाव देताना गाडीचं नाव लिहू नका, ते दिसतंच. क्लास, रस्ता आणि हवामान लिहा: "ए, डांबर, कोरडं". मग त्याचीच एक प्रत काढा, तिच्यात दोन्ही बार आणि स्प्रिंग थोड्या मऊ करा, मागच्या चाकांना ताकद असेल तर ॲक्सिलरेशनचा टक्काही कमी करा आणि ती "पाऊस" म्हणून ठेवून द्या.