रानटी लीक खुडायला निघालात? या चुका टाळा

एप्रिल लागला की अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरातल्या पानगळीच्या जंगलात रॅम्प्स, म्हणजे कांदा-लसणीच्या जातकुळीतलं रानटी लीक, वर येतं आणि त्याच्यामागोमाग हौशी मंडळी. दरवर्षी चेहरे नवे, चुका त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नुसत्या वासावर भरवसा. ‘पान चुरडा, लसणीसारखा वास आला की रॅम्प्स’ हे खरं आहे, पण पहिल्या पानापुरतंच. दहा पानं खुडली की बोटांनाच तो वास चिकटतो. मग काहीही चुरडा, लसूणच! आणि तशाच ओलसर जागी फॉल्स हेलबोर नावाचं विषारी झाड त्याच सुमारास फुटतं. ते पोटात गेलं की उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, नाडी मंदावते.

वेस्ट व्हर्जिनियात एकदा एका मित्राला सोबत नेलं होतं. गडी मूठमूठ उपटत सुटला. हटकलं तर म्हणाला, “नाक आहे ना!” घरी पानं धुताना एक पान हाताला वेगळं लागलं. रॅम्प्सचं पान मऊ, गुळगुळीत. याच्यावर नऊवारीच्या निऱ्यांसारख्या उभ्या घड्या. नाकाशी धरलं, तर वास लसणीचा. तासभर त्याच पिशवीत दडपून राहिल्यावर दुसरा कसला येणार? मी अख्खी पिशवी कचऱ्यात टाकली. मित्र आठवडाभर फुगून बसला. बसू दे.

तेव्हापासून माझा डावा हात कोरा असतो, त्याने काही खुडायचं नाही. शंका आली तर त्या हाताने चुरडायचं. खुडायचं एकेक पान, आणि बुडाशी बघून. रॅम्प्सची दोन-तीन पानं थेट जमिनीतल्या कांद्यातून येतात, हेलबोरची एकाच दांड्याला एकावर एक वेढून. तिथंच लिली ऑफ द व्हॅलीही भेटते, हृदयावर घाला घालणारी. तिला कांदा नसतो, जमिनीत आडवी धावणारी मुळी असते. रॅम्प्सच्या लालसर देठावर मात्र विसंबू नका. त्यांच्यातल्या अरुंद पानांच्या जातीचा देठ पांढराच असतो.

दुसरी चूक, जिच्यावर माझं डोकं फिरतं, ती कांद्यासकट उपटण्याची. बी रुजायला 6 ते 18 महिने, रोप फुलायला 5 ते 7 वर्षं, आणि तुम्ही ते फोटोसाठी झटक्यात उपटता! शिकागोला ज्या रानकांद्यावरून नाव पडलं तो हाच, इतका तो माजलेला असे. आज कॅनडातल्या क्वेबेकमध्ये विक्रीला बंदी आहे आणि स्वतःपुरते माणशी वर्षाला 50 कांदे, एवढीच मुभा. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाने 2004मध्ये तोडणीच बंद केली. मी एका रोपाचं एकच पान घेतो, कांद्याला हात लावत नाही. ‘पण चव कांद्यातच असते’ म्हणणाऱ्यांनी बाजारातून लसूण आणावी.

जूनमध्ये पानं पिवळी पडली म्हणून बागेतलं रोप मेलं समजून खणू नका. पानं गेल्यावरच फुलाचा दांडा येतो.

पानं वाळवून वर्षभर औषध म्हणून ठेवणाऱ्यांनो, वास उडाला की बरणीत वाळका पाला उरतो. ताजीच खा.

तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं तर साफ चूक, बॉट्युलिझमला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेला आमंत्रण. फ्रीजरमध्ये टाका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वाडगाभर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला तर चमचाभरही नको.

राहिला औषधी भाग. चेरोकी लोक रॅम्प्स सर्दीवर खात आणि रस कानदुखीवर वापरत, अशी नोंद आहे. तेवढं वाचून स्वतःच्या कानात रस पिळणारे महाभाग मी पाहिलेत. पडदा फाटलेला असेल तर काय होईल, हे कुणी आधी तपासत नाही. सर्दीत मी पानं घालून गरम सूप पितो. कान दुखला तर डॉक्टरकडे जातो.