गाडीवर कोरडं फडकं मारू नका

रंगाच्या दुरुस्तीसाठी माझ्यासमोर ज्या गाड्या येतात, त्यांतल्या सगळ्यात जास्त ओरखडलेल्या गाड्या आळशी माणसांच्या नसतात. रोज सकाळी न चुकता गाडी पुसणाऱ्यांच्या असतात. बॉनेटवर टॉर्चचा झोत टाकला की उजेडाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं. "पण मी तर रोज पुसतो हो!" असं मालक म्हणतात. अहो, पुसता म्हणूनच झालंय हे.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. चमक त्याची, आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो. बहुतेक गाड्यांवर हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की हे कण दाबले जाऊन रंगावर घासले जातात. म्हणून नुसती धूळ बसली असेल तर बसू द्या. ती बसून काही बिघडत नाही, बिघडतं ते तिला घासल्याने.

धुवायला सावली हवी आणि पत्रा गार हवा. बॉनेट हाताला कोमट लागत असेल तरी थांबा, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुऊन काढण्याआधीच वाळतो. चाकं सर्वांत आधी धुवा, पण वेगळ्या बादलीत आणि वेगळ्या ब्रशने. चाकांवर ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी असते. तिथला कपडा दरवाजाला लागता कामा नये.

मग गाडीवर नुसतं पाणी मारायचं, वरून खाली, घाई न करता. चिखल सुटून वाहून गेला की निम्मं काम झालं. हात लावण्याआधी जेवढी घाण जाईल तेवढी चांगली, माझ्या धुण्याचा सगळा हिशोब एवढाच आहे. फोम मारायची सोय असेल तर मारा आणि काही मिनिटं राहू द्या, मात्र वाळू देऊ नका.

बादल्या दोन घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथे साचलेली रेती एका बादलीत धुतलं असतं तर पुन्हा गाडीवरच फिरली असती. टपापासून सुरुवात करा. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथेच. हात सरळ रेषेत चालवा, वजन टाकू नका. स्पंज मी वापरत नाही. कण त्याच्या सपाट पृष्ठभागावरच राहतात, मोज्याच्या तंतूंत मात्र आत ओढले जातात.

शाम्पू गाडीचाच हवा. भांड्यांच्या साबणाने गाडी निघते चकचकीत, पण तो आधी लावलेलं वॅक्सही उतरवतो. मोजा किंवा कपडा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. झटकून चालत नाही.

धुतल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका. जड पाण्यातले क्षार मागे राहून पांढरे डाग पडतात. जाड, लव असलेला मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा, टिपायचं आणि उचलायचं. जुने डाग राहिले असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून थोडा वेळ लावा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. डाग मुरून क्लिअर कोटमध्ये खड्डा पडला असेल, तर मात्र ते व्हिनेगरने जायचे नाहीत.

आता वॅक्स लावायचं? थांबा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या, वाळलेल्या पत्र्यावरून बोटं अलगद फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर रंगात कण रुतलेत असं समजा. ते धुण्याने निघत नाहीत, त्यांना क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, लागतो. भरपूर ल्युब्रिकंट (क्ले सरकण्यासाठीचा निसरडा द्रव) फवारायचं आणि क्ले हलक्या हाताने सरकवायचा. तो मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची, खाली पडला तर फेकून द्यायचा.

पॉलिश आणि वॅक्स एकच समजून लोक कुठलीही डबी उचलतात. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढतं, म्हणून ओरखडे जातात. वॅक्स काही काढत नाही, वरून थर देतं. काढलेला क्लिअर कोट परत येत नसतो, त्यामुळे दर वेळी पॉलिश करायचा हट्ट धरू नका. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा बहुधा पॉलिशच्या हाताबाहेर गेलेला असतो.

वॅक्स थोडंच घ्यायचं. जाड थराने जास्त रक्षण होत नाही, पुसताना दमछाक तेवढी होते. ओलसर पॅडवर बोटाच्या पेराएवढं घेऊन एका वेळी एकच भाग करा. त्यावर धूसरपणा आला की बोट ओढून बघा. खालून स्वच्छ चमक निघाली तर पुसा, फरफटलं तर अजून थांबा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधीच चिकटपट्टी लावून ठेवा, त्यांवर वॅक्सचे पांढरे डाग बसतात आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतं. त्याची झळाळी मला सर्वांत आवडते, विशेषतः गडद रंगांवर, पण ती टिकते जेमतेम दोनेक महिने. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम लेप, काही महिने टिकतं, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावल्यावर कडक होणारा लेप, नीट निगा राखली तर वर्षंही. पण सिरॅमिक म्हणजे चिलखत नव्हे. दगड उडून लागला तर टवका उडणारच. त्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लागते. आणि सिरॅमिकखाली ओरखडे तसेच ठेवले तर ते तसेच दिसत राहतात, म्हणून त्याआधी पॉलिश करावंच लागतं. पाण्याचे टपोरे थेंब धरेनासे झाले, पाणी पसरून राहू लागलं, की नवा हात द्यायची वेळ आली.

पक्ष्यांची विष्ठा दिसली की मात्र वाट बघू नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांतच रंग खाऊ शकते. ओला कपडा तिच्यावर काही मिनिटं ठेवा, मऊ झाली की घासू नका, नुसती उचला. कोरडी खरवडलीत तर तिच्यातले कण तुमच्याच हाताने रंगात ओढले जातील.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं पॉलिश आणि वॅक्स दोन्ही वर्ज्य. जागोजागी चमकदार चट्टे पडतात आणि ते निघत नाहीत. गॅरेजमधून नुकतीच रंगवून आणलेल्या गाडीला किती दिवस वॅक्स लावायचं नाही, ते रंगवणाऱ्यालाच विचारा. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांची लव याला चिकटते. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्याने तंतूंचं पाणी शोषणं कमी होतं.